'उलटणे', 'गाभडणे' आणि 'अडणे' : डुकरिणीच्या फसलेल्या गर्भाचे निदान व नोंदीची भाषा

डुकरिणीचा गर्भकाळ सरासरी ११४ दिवसांचा असतो. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस, या सोप्या हिशेबाने तो पालकांच्या ध्यानात राहतो. हा काळ भरला आणि पिल्ले आली नाहीत, अथवा तो भरण्यापूर्वीच गर्भ गेला, तर नोंदवहीत बहुधा एकच शब्द उतरतो : 'फसली'. या शब्दाने हानी कळते, कारण कळत नाही. प्रस्तुत लेखक पशुवैद्य नाही; भाषेचा अभ्यासक आहे. तथापि या विषयात निदानाचा मार्ग भाषेतूनच जातो असे त्याला वाटते. डुकरीण आपली व्यथा सांगू शकत नाही. पशुवैद्य येईपर्यंत घडलेली गोष्ट पुष्कळदा नाहीशी झालेली असते. उरते ते पालकाचे निवेदन. आणि त्या निवेदनातील क्रियापद चुकले की औषधही चुकते.

गोठ्यातील मराठी या बाबतीत दरिद्री नाही. संस्कृत 'गर्भिणी'पासून प्राकृत 'गब्भिणी' आणि तिच्यापासून 'गाभण' हा शब्द आला. स्त्रीसाठी आपण 'गर्भार' अथवा 'गरोदर' म्हणतो, जनावरासाठी 'गाभण'. गाभण राहण्यातील अपयशासाठी तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. फळवलेले जनावर पुन्हा माजावर आले म्हणजे ते 'उलटले'. राहिलेला गाभ अकाली बाहेर पडला म्हणजे ते 'गाभडले'. दिवस भरून वेणा सुरू झाल्या, पण पिल्लू बाहेर येईना, म्हणजे ते 'अडले'. हे शब्द मुख्यतः गाई-म्हशींच्या व्यवहारातले आहेत, परंतु डुकरिणीला ते तंतोतंत लागू पडतात. त्यांच्यातील भेद केवळ अर्थच्छटेचा नसून काळाचा आहे, आणि या विषयात काळ हेच पहिले प्रमाण होय.

प्रथम 'उलटणे' घेऊ. डुकरिणीचे ऋतुचक्र २१ दिवसांचे असून १८ ते २४ दिवसांपर्यंतचा फरक स्वाभाविक मानला जातो. फळवलेली डुकरीण या मुदतीत पुन्हा माजावर आली तर दोन शक्यता संभवतात. एक, बीजधारणाच झाली नाही. नर निर्बीज अथवा उष्म्याने क्षीण झालेला असेल, किंवा संयोगाची वेळ चुकली असेल. माज दोन ते तीन दिवस टिकतो आणि स्त्रीबीज त्याच्या उत्तरार्धात सुटते. त्यामुळे फार लवकर वा फार उशिरा झालेला संयोग वाया जातो. दुसरी शक्यता अशी की धारणा झाली, परंतु भ्रूण बाराव्या दिवसापूर्वीच नष्ट झाले. साधारणपणे ११व्या-१२व्या दिवशी भ्रूण इस्ट्रोजेन स्रवून आपल्या अस्तित्वाची सूचना मातेला देतात. ती सूचना पोहोचली तरच अंडाशयातील पीतपिंड टिकतात, आणि डुकरिणीत संपूर्ण गर्भकाळ या पीतपिंडांवरच अवलंबून असतो. सूचना प्रभावी होण्यास निदान चार भ्रूण जिवंत असावे लागतात. त्याहून कमी असतील तर माता जणू काही घडलेच नाही अशा रीतीने २१व्या दिवशी पुन्हा माजावर येते.

आता डुकरीण २५ ते ३७ दिवसांच्या दरम्यान उलटली तर अर्थ पालटतो. गर्भाची सूचना पोहोचली होती, पीतपिंड टिकले होते, आणि नंतर सर्व भ्रूण मेले. अशा वेळी नराला दोष देणे व्यर्थ. भ्रूणांना मारणारे काय घडले याचा शोध घ्यावा लागतो : रोपणाच्या सुमारास जनावरांची झालेली अदलाबदल व मारामारी, कडक उन्हाळा, ताप आणणारा आजार, गर्भाशयातील संसर्ग. ३८ ते ४५ दिवसांनी दिसलेला माज मात्र पुष्कळदा दुसरे नियमित चक्र असते. म्हणजे पहिला माज पालकाच्या नजरेतून सुटलेला असतो किंवा तो 'मुका माज' असतो. येथे दोष शरीराचा नसून निरीक्षणाचा असू शकतो. 'उलटली' हा शब्द बरोबर असूनही अपुरा ठरतो तो याच कारणाने. 'कितव्या दिवशी उलटली' हे पूर्ण वाक्य झाले.

दुसरी पायरी 'गाभडण्या'ची. येथे ३५वा दिवस ही सीमारेषा समजावी. त्या सुमारास गर्भाचा सांगाडा कठीण होऊ लागतो. त्यापूर्वी मेलेला भ्रूण गर्भाशयात जिरून जातो आणि मागे पुरावा ठेवत नाही. त्यानंतर मेलेला गर्भ जिरत नाही. तो आत वाळत जातो, काळपट व कातडीसारखा होतो आणि इतर पिल्लांबरोबर प्रसूतीच्या वेळी बाहेर येतो. या 'वाळल्या गर्भां'चे आकार पाहणे हे निदानाचे एक उत्तम साधन आहे. एकाच वेतात अंगठ्याएवढे, मुठीएवढे आणि वीतभर असे निरनिराळ्या आकारांचे वाळले गर्भ आढळले, तर मृत्यू एकाच वेळी झालेला नाही. संसर्ग एका गर्भाकडून शेजारच्या गर्भाकडे हळूहळू सरकत गेला, असे अनुमान निघते. डुकरांच्या पार्वोविषाणूची ही ओळखीची खूण होय. त्यात माता स्वतः आजारी दिसत नाही. विशेषतः पहिलारू डुकरिणींना, ज्यांच्यात पूर्वीची प्रतिकारशक्ती नसते, त्याचा उपद्रव होतो. ७०व्या दिवसाच्या सुमारास गर्भाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. त्यानंतर संसर्ग झाल्यास पिल्ले बहुधा वाचतात. फळवण्यापूर्वी लस टोचणे हा यावरचा रूढ उपाय आहे.

या रोगाच्या नामकरणाचा इतिहास भाषाभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी डुकरांतील काही विषाणूंच्या गटाला 'स्मेडी' असे नाव दिले. मृतजन्म, गर्भ वाळणे, भ्रूणमृत्यू व वंध्यत्व या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून ते बनले होते. हे नाव कारणाचे नव्हते, लक्षणांचे होते. पुढे यांतील पुष्कळ प्रकरणांमागे पार्वोविषाणू असल्याचे उघड झाले, तरी लक्षणसमूहाचे नाव म्हणून 'स्मेडी' टिकून राहिले. लक्षणाचे नाव कारणाच्या जागी बसले की शोध थांबण्याचा धोका असतो. 'फसली' या आपल्या शब्दातही तोच धोका आहे.

प्रत्यक्ष गर्भपात झाला असेल तर पडलेल्या गर्भांकडे पाहावे. सर्व गर्भ एकाच वयाचे, ताजे व निर्दोष दिसत असतील तर आघात मातेवर झाला असण्याचा संभव अधिक : तीव्र ताप, उष्म्याचा ताण, उपासमार किंवा अन्य आजार. गर्भ कुजलेले, निरनिराळ्या अवस्थांत मेलेले अथवा वारेवर विकृती दाखवणारे असतील तर संसर्गाकडे लक्ष वळवावे. लेप्टोस्पायरा या जंतूंनी होणारे गर्भपात बहुधा शेवटच्या महिन्यात होतात. 'पीआरआरएस' हा विषाणूजन्य रोगही उत्तरार्धात गर्भपात व अकाली प्रसूती घडवतो. भारतात त्याचा पहिला मोठा उद्रेक २०१३ मध्ये मिझोरममध्ये झाला. डुकरांचा पारंपरिक ज्वर आणि जपानी मेंदूज्वर यांचाही विचार करावा लागतो. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डासांमार्फत पसरतो, डुकराच्या रक्तात वाढतो, आणि गाभण डुकरिणीला झाला तर मृत वा वाळलेली पिल्ले जन्मतात. येथे प्रश्न केवळ पालकाच्या नुकसानीचा राहत नाही. तो वस्तीतील मुलांचा होतो. लेप्टोस्पायरा व ब्रुसेला हे जंतूही माणसाला बाधतात. म्हणून पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना टाकू नये. गर्भ व वार बर्फात ठेवून पशुवैद्यामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवावी. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषणाची व्यवस्था आहे.

यानंतर एक असे प्रकरण येते की ज्यासाठी गोठ्याच्या भाषेत रूढ शब्द सापडत नाही. डुकरीण उलटली नाही, गाभडली नाही, पोट वाढल्यासारखे वाटले, आणि ११४ दिवस गेले तरी काहीच घडले नाही. याला 'खोटा गाभ' म्हणता येईल. भ्रूणांनी सूचना दिल्यानंतर ते सर्व मेले व जिरले, परंतु पीतपिंड मात्र टिकले, असे यात घडलेले असते. बुरशी लागलेल्या मक्यातील झिअरालेनोन हे विषही असा भ्रम निर्माण करते. त्याची क्रिया इस्ट्रोजेनसारखी असल्याने भ्रूणांची सूचना जणू खोट्या सहीने मातेपर्यंत जाते. अशा वेळी उपचार डुकरिणीवर नव्हे, धान्याच्या कोठीवर करावा लागतो. फळवल्यानंतर चार आठवड्यांनी श्राव्यातीत ध्वनियंत्राने तपासणी करणे आणि ती पुढे एकदा पुन्हा करणे, हा हे वेळीच ओळखण्याचा मार्ग होय.

आता लांबलेल्या प्रसूतीकडे वळू. येथेच आपल्या भाषेतील एक विलक्षण अडचण समोर येते. 'उलटणे' हे क्रियापद जनावराला लागते तेव्हा गर्भ राहिला नाही असा अर्थ होतो. तेच दिवसाला लागते तेव्हा मुदत ओलांडली असा अर्थ होतो : 'तारीख उलटली'. समजा, वहीत 'उलटली, ११४' एवढेच लिहिले आहे. येथे कर्ता कोण? डुकरीण की तारीख? पहिल्या अर्थाने गर्भ नाही, दुसऱ्या अर्थाने गर्भ आहे व संकटात आहे. लिहिणाऱ्याच्या मनात संदिग्धता नसते. कर्ता गाळल्यामुळे ती वाचणाऱ्याच्या वाट्याला येते.

म्हणून प्रसूती लांबली असे वाटताच पहिला प्रश्न शरीराला नव्हे, वहीला विचारावा. फळवल्याची तारीख खरी आहे काय? नर कळपातच असेल आणि डुकरीण नोंदलेल्या तारखेपासून १३५व्या दिवसाच्या आसपास व्याली, तर ती लांबलेली नाही. १३५ मधून ११४ वजा केल्यास २१ उरतात. ती पहिल्या वेळी उलटली होती आणि कोणाच्या नकळत पुन्हा फळली होती. दुसरे, मोजणीची रीत. आपल्याकडे आरंभीचा दिवस धरून मोजण्याची परंपरा आहे. यंत्र वा तक्ता तो सोडून मोजतो. शिवाय एका माजात दोन-तीन वेळा संयोग झाला असेल तर पहिला धरावा की शेवटचा? यातून एक-दोन दिवसांचा फरक सहज पडतो. तो क्षुल्लक नाही. प्रोस्टाग्लँडिन देऊन प्रसूती घडवून आणायची झाल्यास अपेक्षित दिवसाच्या फार तर एक-दोन दिवस आधीच ती देता येते. त्याहून लवकर दिल्यास अपक्व पिल्ले जन्मून दगावतात.

तारीख खरी ठरली तर पुढील विचार असा. १११ ते ११९ दिवसांपर्यंतचा फरक स्वाभाविक असू शकतो; पोटात पिल्ले थोडी असतील तर काळ किंचित लांबतो. प्रसूतीचा आरंभ माता करीत नसून पिल्ले करतात. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉलमुळे प्रोस्टाग्लँडिन निर्माण होते, पीतपिंड लय पावतात आणि वेणा सुरू होतात. सर्व पिल्ले मेली असतील तर हा निरोप देणारे कोणी उरत नाही, आणि प्रसूती सुरूच होत नाही. म्हणून सडांत दूध नाही, गवत गोळा करून जागा करण्याची धडपड नाही, आणि मुदत मात्र संपली, अशी स्थिती असेल तर वाट पाहत न बसता तपासणी करावी.

वेणा सुरू होऊन डुकरीण 'अडली' तर प्रश्न वेगळा. दोन पिल्लांमधले अंतर साधारण १५ ते २० मिनिटांचे असते. ती कळा देत असून पाऊण तास ते तासभर पिल्लू आले नाही तर मार्गात अडथळा आहे काय, हे स्वच्छ हाताने पाहणे प्राप्त होते. ते न पाहता ऑक्सिटोसिन टोचणे घातक आहे. आडवे पिल्लू मार्गात असता गर्भाशयाला बळेच आकुंचित केल्यास ते फाटू शकते. कळाच थांबल्या असतील तर थकवा, उष्मा, वय व कॅल्शियमची उणीव यांचा विचार करावा. येथेही 'अडली' आणि 'थकली' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांचे उपचार परस्परविरोधी आहेत.

या सर्व विवेचनाचे फलित नोंदवहीच्या स्तंभांत उतरले पाहिजे. 'फसली' या एका खान्याऐवजी चार गोष्टी लिहाव्यात : कोणत्या तारखेला फळली, कितव्या दिवशी काय घडले, कर्त्यासह व क्रियापदासह, बाहेर काय पडले, त्याची संख्या व आकार, आणि माता आजारी होती काय. एवढ्याने निदान पूर्ण होत नाही, परंतु ते योग्य दाराशी येऊन उभे राहते. ज्याच्याजवळ दोनच डुकरिणी आहेत त्या पालकाला एक वेत जाणे म्हणजे निम्म्या उत्पन्नाला मुकणे होय. 'वांझ' म्हणून खाटकाकडे जाणारी डुकरीण पुष्कळदा वांझ नसते. तिचा नर क्षीण असतो, तिचा मका बुरसटलेला असतो किंवा तिची तारीख चुकीची असते. आपल्या विभागात बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांनी गोठ्यातील शब्द केवळ अर्थासह नोंदवू नयेत. ते कितव्या दिवशी व कोणत्या खुणेवरून वापरले जातात हेही विचारावे. वराहपालनाच्या बोलीत 'खोट्या गाभा'ला आपला असा शब्द असेलही. तो मिळाला तर कोशात एका नोंदीची भर पडेल, आणि एखाद्या डुकरिणीचा जीवही वाचेल.