तळ झाडणारें यंत्र आणि त्याच्या केबलचा पीळ

सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, अशी मराठींत म्हण आहे. ती बहुधा हट्टी माणसाला उद्देशून वापरतात. परंतु दोराच्या स्वभावाविषयींहि ती तितकीच खरी आहे. पोहण्याच्या तलावाचा तळ साफ करणारें विजेचें यंत्र ज्यांच्या सांभाळांत असतें, त्यांना याचा अनुभव लवकरच येतो. मुंबई-पुण्याकडील अनेक गृहसंकुलांत आतां तलाव असतो, आणि लांब दांड्याच्या ब्रशाऐवजीं कांहीं ठिकाणीं हें यंत्र आलें आहे. प्रारंभीं सारें सुरळीत चालतें. मग एके दिवशीं यंत्र एक कोपरा सोडून उरलेल्या भागांतच घुटमळूं लागतें आणि पाण्यावर केबलचीं वेटोळीं तरंगूं लागतात. यंत्रच निकृष्ट निघालें, असें समितींतील एक पक्ष म्हणतो. तलाव सांभाळणाऱ्या नोकरानें तें आपटलें असावें, असें दुसरा म्हणतो. पुष्कळदां दोष दोघांचाहि नसतो. त्या नोकराला यंत्र दिलेलें असतें, पण केबल कशी हाताळावी हें कोणीं सांगितलेलें नसतें.

यंत्राची रचना फारशी अवघड नाहीं. पोटांत एक मोटर पंपाचें पातें फिरवते. त्या ओढीनें तळाचें पाणी आंत येतें, गाळणींतून जातें आणि वरून बाहेर पडतें. कचरा गाळणींत राहतो. दुसऱ्या मोटरीच्या योगें पट्टे अथवा चाकें फिरून यंत्र चालतें, आणि पुढचे-मागचे ब्रश शेवाळ खरवडतात. बॅटरीवरचीं बिनतारी यंत्रेंहि आतां मिळतात. परंतु तारेच्या यंत्राला अखंड वीज मिळते व त्याची बॅटरी म्हातारी होण्याची भीति नसते, म्हणून त्यास अजून मागणी आहे. कांठावरील वीजपेटी घरांतील २३० व्होल्टचा दाब उतरवून बहुधा २४ ते ३० व्होल्टवर आणते, आणि तेवढीच वीज केबलमधून पाण्यांत जाते. केबलचें आवरण पाण्याहून हलकें असल्यामुळें ती तरंगत राहते.

आतां पीळ कोठून येतो तें पाहावें. केबलचें एक टोंक पेटीशीं स्थिर असतें. दुसरें यंत्राबरोबर फिरतें. यंत्र उजवीकडे जितक्या वेळां वळलें तितक्याच वेळां डावीकडे वळलें, तर हिशेब चुकता होतो. पण एका दिशेचीं वळणें अधिक झालीं, कीं प्रत्येक जादा फेऱ्यामागें केबलमध्यें एक पीळ शिल्लक राहतो. टकळीवर सूत काततांना हाच प्रकार दिसतो: सूत ताणलेलें असेपर्यंत पीळ आंतल्या आंत दडतो, ताण सैल होतांच सूत स्वतःभोंवतीं गुंडाळून आढी घालतें. पाण्यावर सैल पडलेली केबल नेमकें तेंच करते. म्हणजे वेटोळें हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे; आणि नुसतें वेटोळें सोडवून पीळ तसाच ठेवला, तर उद्यां तें दुसरीकडे उमटतें.

सैल दोर किती सहज गुंततो, याचा प्रयोग कॅलिफोर्नियांतील डोरिअन रेमर व डग्लस स्मिथ या शास्त्रज्ञांनीं केला. पेटींत दोरी टाकून ती पेटी त्यांनीं यंत्रानें गरगर फिरवली, आणि असे ३,४१५ प्रयोग करून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. कांहीं सेकंदांतच गाठी पडत. मात्र सुमारे ४६ सेंटिमीटरहून आंखूड दोरीला गाठ पडली नाहीं. यांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध सरळ आहे: मोकळी लांबी जितकी कमी, तितका गुंता कमी.

म्हणून वीजपेटी तलावाच्या लांब बाजूच्या मध्याशीं ठेवावी. तेथून दोन्ही टोंकें सारख्याच अंतरावर येतात, आणि सर्वांत दूरचा कोपरा गांठण्यास लागेल तेवढीच केबल पाण्यांत सोडतां येते. उरलेली केबल पेटीपाशीं कोरड्या जागीं ठेवावी. सोडण्यापूर्वीं ती पूर्ण उलगडून पाण्यावर पसरावी. गुंडाळीच्या एका बाजूनें वेढे उपसत गेल्यास प्रत्येक वेढ्यामागें एक पीळ आयताच पदरांत पडतो. कांहीं केबलींत मध्यें फिरती जोडणी असते, ती पीळ आपोआप सोडते. तिच्यांत वाळू किंवा क्षार बसले आहेत काय, हें हातानें फिरवून अधूनमधून पाहावें.

जुना पीळ काढण्यास ऊन हें उत्तम औषध होय. वीज बंद करून केबल पेटीपासून सोडवावी, मोकळ्या अंगणांत सरळ पसरावी आणि टोंक हातांत धरून पीळ आपसूक उलगडूं द्यावा. मग तीन-चार तास ती उन्हांत राहूं द्यावी. उबेनें आवरण मऊ होऊन जुनीं वळणें विसरतें. मात्र हें औषध मात्रेनेंच घ्यावयाचें. महिनोन्महिने उन्हांत पडलेली केबल कडक होऊन तडकते. नेहमींची जागा सावलींतच हवी. गुंडाळतांना हाताच्या कोपराभोंवतीं वेढे न घेतां इंग्रजी आठाच्या आकारांत ठेवावी. आठाच्या एका पाकळींतील पीळ दुसऱ्या पाकळींत उलटा बसतो आणि दोन्ही एकमेकांस फेडतात.

उरलेली निगा नित्याची आहे. प्रत्येक फेरीनंतर गाळणी काढून स्वच्छ पाण्यानें धुवावी. पावसाळ्यांत पानें व माती येते तेव्हां विशेष. गाळणी तुंबली कीं ओढ कमी होते, आणि भिंतीवर चढणारें यंत्र अर्ध्यावरून खालीं येतें. ब्रश झिजल्यासहि असेंच होतें. म्हणून भिंत सुटूं लागली तर आधीं गाळणी व ब्रश पाहावे. एखादा कोपरा सुटूं लागला तर आधीं केबल पाहावी. पात्यांत केंस व दोरे अडकतात; ते वीज तोडूनच काढावे. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान ठेवावा, आणि क्लोरीनची मोठी मात्रा टाकण्यापूर्वीं यंत्र बाहेर काढावें. पाण्याबाहेर तें क्षणभरहि चालवूं नये. पाणी हाच त्याचा थंडावा आहे. वर काढतांना केबल हळू ओढून यंत्र कांठापाशीं आणावें. उचलावें मात्र मुठीला धरूनच. पाण्यानें भरलेल्या यंत्राचें ओझें केबलवर पडलें, तर आंतल्या तारा तुटतात.

शेवटीं, ज्या गोष्टींत हयगय चालत नाहीं ती. यंत्र चालू असतांना पाण्यांत कोणीहि उतरूं नये, मुलें तर नाहींच. वीजपेटी कांठापासून सुमारे साडेतीन मीटर दूर, पावसापासून सुरक्षित ठेवावी, आणि तिचा पुरवठा गळती होतांच वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या स्विचमधूनच घ्यावा. केबलचें आवरण कोठें चिरलेलें दिसलें, तर चिकटपट्टी गुंडाळून ती पुन्हां पाण्यांत सोडूं नये, ती बदलावीच.

या साऱ्याला रोज पाव तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. तो पाव तास त्या नोकराच्या कामांत धरावा, आणि पहिल्या दिवशीं कोणीतरी त्याच्याबरोबर उभें राहून केबल कशी पसरावी व कशी आवरावी हें त्याला दाखवावें. तेवढें केलें, तर यंत्र टिकेल आणि निरपराध माणसावर ठपकाहि येणार नाहीं.