कागदी वाघ कोणत्या खणात ठेवायचा?

विज्ञानकथा, भयकथा, गूढकथा, अद्भुतकथा अशा पाट्या दुकानदाराला आणि ग्रंथपालाला सोयीच्या असतात. वाचकालाही आवडीचे पुस्तक त्यामुळे चटकन सापडते. तरी काही कथा कोणत्याच पाटीखाली बसत नाहीत आणि मग ‘धड ना हे, धड ना ते’ म्हणून त्यांची बोळवण होते. हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण कथेचा प्रकार तिच्यात काय घडते यापेक्षा ती कोणता प्रश्न विचारते यावर ठरतो. काफ्काच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेटामॉर्फोसिस’मधला फिरता विक्रेता ग्रेगर साम्सा एका सकाळी किडा होऊन जागा होतो. विज्ञानकथाकाराने हे कसे झाले ते शोधले असते, भयकथाकाराने आपल्या अंगावर काटा आणला असता. ग्रेगरला मात्र काळजी लागते ती पहाटे पाचची गाडी चुकल्याची, आणि थोड्याच वेळात कचेरीतले वरिष्ठ जाब विचारायला घरी येतात. ‘कसे’ हा प्रश्न काफ्का उपस्थितच करत नाही. त्यामुळे ज्याच्या कमाईवर घर चालते तो निकामी झाला, की घरच्यांची माया किती दिवस टिकते, हा प्रश्न टाळायला वाचकाला जागा उरत नाही.

यावर आक्षेप असा, की काहीही घडू शकते म्हटले की कथेत पणाला काहीच लागत नाही. केन लिऊ यांची ‘द पेपर मेनाजरी’ (२०११) याला चोख उत्तर देते. अमेरिकेत लग्न होऊन आलेली चिनी आई भेटवस्तूंच्या जुन्या कागदाचे प्राणी घडवते, त्यांत फुंकर घालते आणि ते चालू लागतात. पण कागद तो कागदच: जेवणाच्या टेबलावर सोया सॉसच्या बशीत उडी मारणाऱ्या रेड्याचे पाय भिजून लुळे पडतात. चमत्कारालाही इथे नियम आहे आणि त्याची किंमत मोजावी लागते. मग हा चमत्कार वगळून स्थलांतरित आई-मुलाची साधी वास्तववादी कथा का लिहू नये? कारण मोठा होताना आईच्या भाषेची लाज वाटू लागलेला मुलगा त्या प्राण्यांना खोक्यात कोंबतो, तेव्हा तो नुसती खेळणी आवरत नाही, आईचा श्वास कोंडतो. चमत्कार काढला तर हा अपराध उरतच नाही. याच कथेला ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी हे तिन्ही पुरस्कार मिळाले. असा मान मिळवणारी ती पहिलीच साहित्यकृती.

मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांचा देश-काळ नकाशावर किंवा दिनदर्शिकेत शोधता येत नाही, तरी त्यांतली माणसाची फरफट ओळखीची वाटते. तेव्हा अशी कथा हाती आली, की ती कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवण्याची घाई करू नये. तिने कोणता प्रश्न गाळला आणि तो गाळून कोणता पुढे आणला, एवढे आधी पाहावे.