सीलबंद ऑइल चालेल. जळके ऑइल अंगाला नको!

दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतील हजारो ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांची वाट धरतात. अनेकांची मोटारसायकल गावातच, पत्र्याखाली झाकून ठेवलेली असते. उन्हाळ्याच्या तोंडावर घरी परतले की गाडीचे काम निघते आणि फडताळात ऑइलचा जुना डबा सापडतो. सील शाबूत, पण छापलेली तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची. नवा डबा म्हणजे जवळपास एका दिवसाची मजुरी. मग हे ऑइल वापरावे की नाही?

बहुतेक वेळा वापरता येते. सीलबंद ऑइल दुधासारखे नासत नाही. खनिज तेलाचे खरे नुकसान होते ते इंजिनातील उष्णता, हवा आणि जळलेल्या पेट्रोलच्या अंशांमुळे. बंद डब्यात हे फारसे घडत नाही. मात्र ऑइल म्हणजे नुसते तेल नव्हे. झीज रोखणारी, काजळी धरून ठेवणारी, फेस होऊ न देणारी रसायने त्यात मिसळलेली असतात. दीर्घ काळाने ती तळाशी बसू शकतात. म्हणून अनेक उत्पादक साधारण ५ वर्षांची मर्यादा सांगतात, तीही डबा थंड, कोरड्या जागी ठेवला असेल तर. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तापलेल्या पत्र्याखालचा डबा आणि घरातल्या सावलीतला डबा यांचे आयुष्य सारखे नसते.

वापरण्यापूर्वी थोडे ऑइल पारदर्शक बाटलीत ओतून पाहावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. हलवूनही तळाचा साका मिसळत नसेल किंवा गाठी दिसत असतील, तर ते इंजिनात घालू नये. डब्यावरचा दर्जाही पाहावा. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लचला एकच ऑइल लागते. कारचे काही प्रकारचे ऑइल घातल्यास क्लच स्लिप होतो. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचे उरलेले ऑइल फोर-स्ट्रोक इंजिनात चालत नाही.

इथवर प्रश्न गाडीचा आहे. माणसाच्या आरोग्याचा प्रश्न सुरू होतो तो इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलपासून. नवे ऑइल सहसा उत्तम शुद्ध केलेले असते. इंजिनात जळताना मात्र त्यात कर्करोगकारक संयुगे आणि झिजलेल्या धातूंचे कण जमतात. अशा वापरलेल्या ऑइलचा त्वचेशी वारंवार संपर्क आल्याने प्रयोगशाळेतील उंदरांना त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. माणसांतील धडा त्याहून जुना आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्रांचे खनिज तेल कामगारांच्या कपड्यांत वर्षानुवर्षे मुरत असे. त्यांच्यातील वृषणकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाकडे १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी लक्ष वेधले.

एकदा हात काळे झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. धोका रोजच्या संपर्काचा आहे. गॅरेजमधील पोरे कोपरापर्यंत काळी होतात, ऑइलने भिजलेली पँट दिवसभर अंगावर राहते. मग हातांवर आणि मांड्यांवर पुळ्या उठतात. त्यावर उपाय म्हणून पेट्रोलने हात धुतले जातात. पेट्रोल त्वचेचा नैसर्गिक स्निग्धांश काढून टाकते, त्वचा फुटते आणि रसायनांना आत शिरायला वाट मिळते. रबरी हातमोजे, साबण-पाणी आणि घरी जाताना बदललेले कपडे, एवढ्यानेही बराच बचाव होतो. बरी न होणारी जखम किंवा वाढणारी गाठ मात्र डॉक्टरांना दाखवावी.

जखमेवर, भाजल्यावर किंवा खरजेवर जळके ऑइल लावणे हे औषध नव्हे. जनावरांच्या जखमेलाही ते लावू नये. रिकाम्या डब्यात पाणी किंवा गोडेतेल कधीही भरू नये. कितीही घासला तरी तो डबा स्वयंपाकघराचा होत नाही.

लहान मुलाने ऑइल प्यायले तर त्याला उलटी करायला लावू नये. पोटातल्या तेलापेक्षा फुप्फुसात उतरलेले तेल अधिक घातक ठरते. त्यातून न्यूमोनिया होतो. मीठ-पाणी, दूध असे काही पाजत बसू नये. खोकला, धाप किंवा गुंगी दिसल्यास १०८ वर फोन करावा. लक्षणे नसली तरी मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे आणि डबा सोबत घ्यावा.

काढलेले ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला ते परवडणारे नाही. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवून, जुने ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडे ते द्यावे.