जीआरसी क्लॅडिंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या इमारतींच्या दर्शनी भागावर कोरीव जाळ्या, कमानी आणि वळणदार पॅनेल दिसतात. त्यांतली बरीचशी जीआरसीची, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटची असतात. सिमेंट, बारीक वाळू, पाणी, थोडे पॉलिमर आणि काचेचे तंतू मिळून हा माल तयार होतो. त्याच्याबद्दलचे गैरसमज मात्र बरेच आहेत.

गैरसमज: हे वजनाला हलके काँक्रीट असते.

वस्तुस्थिती: घनमीटरला याचे वजन सुमारे २००० किलो भरते, साध्या काँक्रीटचे सुमारे २४००. म्हणजे माल हलका नाही, पॅनेल पातळ असते. १२ मिमी जाडीच्या कवचाचे वजन चौरस मीटरला साधारण २४ किलो, तर १०० मिमी काँक्रीटच्या पॅनेलचे २४० किलो. कवचामागच्या पोलादी चौकटीचे वजन वेगळे धरावे लागते, तरीही इमारतीवरचा भार पुष्कळ कमी होतो.

गैरसमज: सिमेंटमध्ये काच टिकत नाही.

वस्तुस्थिती: साधी काच खरोखरच टिकत नाही, सिमेंटमधला अल्कली तिला खातो. यावर ब्रिटनमधील संशोधक ए. जे. मजुमदार यांनी झिर्कोनियायुक्त काचेचा उपाय शोधला आणि १९७१ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने असे तंतू बाजारात आणले. लंडनमधील ३०, कॅनन स्ट्रीट या इमारतीवर १९७० च्या दशकात बसवलेली जीआरसी पॅनेल प्रसिद्ध आहेत. मात्र वयानुसार या मालाची लवचिकता घटते, म्हणून डिझाइन करताना नव्या नव्हे, जुन्या झालेल्या मालाची ताकद धरायची असते.

गैरसमज: हे प्लास्टिकसारखे पेटते आणि ॲस्बेस्टॉससारखे घातक असते.

वस्तुस्थिती: पेटू शकते ते फायबरग्लास, कारण त्यात काचतंतू प्लास्टिकच्या रेझिनमध्ये बसवलेले असतात. जीआरसीत ते सिमेंटमध्ये असतात आणि सिमेंट, वाळू, काच यांतले काहीच जळत नाही. ॲस्बेस्टॉसही त्यात नसते. काचतंतू ॲस्बेस्टॉसच्या तंतूंपेक्षा बरेच जाड असल्याने फुप्फुसात खोलवर जात नाहीत. पॅनेल कापताना उडणारी सिमेंट-वाळूची धूळ मात्र घातक असते. कामगारांना मास्क द्यायलाच हवा.

गैरसमज: पॅनेल घट्ट आवळले, की काम पक्के.

वस्तुस्थिती: ऊन आणि ओल यांमुळे कवच प्रसरण-आकुंचन पावते. त्याला हलायला जागा नसेल तर तडे जातात. म्हणून ते चौकटीला लवचिक अँकरने जोडतात. कवचात लोखंडी सळ्या नसल्या तरी चौकट आणि अँकर धातूचेच असतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत ते गंजरोधक नसतील तर धोका मोठा.

म्हणून दर विचारण्याआधी पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा: तंतूंमध्ये झिर्कोनिया किती (किमान १६ टक्के हवे), क्युरिंग कसे केले आणि अँकर कोणत्या धातूचे आहेत. रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या डोक्यावर हे पॅनेल असणार आहे, तेव्हा ही उत्तरे लेखी घेणे ही बांधणाऱ्याची जबाबदारी आहे.