कोणत्या देशाला जावं?

नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाजवळ वळलं, की आमचं वढू बुद्रुक लागतं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे. वळायचं सोडून सरळ नगरच्या दिशेनं गेलं, की रांजणगावची औद्योगिक वसाहत येते. तिथं कोरियन, चिनी कंपन्यांच्या पाट्या लागल्या आणि शिरूर तालुक्यातल्या मुलांची परदेशाशी घरबसल्या ओळख झाली. आता त्यातली काही मुलं स्वतःच बाहेर जायचं म्हणतात. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. करारपत्रं वाचून घ्यायला ती माझ्याकडे येतात आणि उठता उठता विचारतात, "चाचा, दुबई बरी की जर्मनी?"

बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर दोन गोष्टींवरून काढलं जातं. पगाराचे रुपयांत किती होतात, आणि तिथं आपलं कोण आहे. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण त्यांच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. आपण कमावून परत यायला चाललोय, की कायमचं राहायला? हे ठरलं की यादीतले निम्मे देश आपोआप गळतात.

कोकणाचं उदाहरण घ्या. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत रस्ते, बंदरं, इमारती उभ्या राहू लागल्या, आणि खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन भागातली माणसं तिकडे गेली. त्यांत मुसलमान कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. त्या पैशांवर गावोगाव पक्की घरं झाली, मुलं शिकली. तिथं पगारावर आयकर नाही, त्यामुळे पैसा शिल्लक पडतो. पण तिथं राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली आणि ठरलेल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही, तर परतावं लागतं. बायकामुलांना न्यायचं तर ठरावीक पगार दाखवावा लागतो. तीस वर्षं राबलेल्या साध्या माणसालाही तिथलं नागरिकत्व मिळत नाही. हे पहिल्या दिवसापासून ओळखून ज्यानं गावाकडे जम बसवला, त्याला आखात लाभलं.

आता अमेरिका पाहा. तिथं स्थायिक होण्याची वाट आहे, पण ती लांब आहे. एच-वन-बी व्हिसा साधारणपणे सहा वर्षांचा असतो. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतला साधारण ७ टक्क्यांहून मोठा वाटा मिळत नाही. भारतातून अर्ज करणारे उदंड, म्हणून आपली रांग कित्येक वर्षांची. रांगेत असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. मूल एकवीस वर्षांचं झालं, की आईबापांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. पगार डोळे दिपवणारा असला, तरी लहान मुलं घेऊन जाणाऱ्यानं ही वर्षं बोटांवर मोजावीत.

जर्मनीचं गणित वेगळं आहे. तिथं म्हातारी माणसं वाढली, काम करणारे हात कमी पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्या देशातल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, स्वयंपाकी अशा हातांना तिथं मागणी आहे. म्हणजे इंजिनिअर नसलेल्या, आयटीआय केलेल्या मुलालाही हे दार दिसू लागलं. या दाराची किल्ली मात्र भाषा आहे. नर्सिंगसारख्या कामात आपलं प्रमाणपत्र तिथल्या यंत्रणेकडून मान्य करून घ्यावं लागतं आणि जर्मन चांगली बोलता यावी लागते. ज्याला घोकंपट्टीचा कंटाळा आहे, त्यानं हे वर्ष-दीड वर्ष आधी हिशेबात धरावं. ज्याची तयारी आहे, त्याला पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्जही करता येतो.

तिसरी गोष्ट, नियम बदलतात. ब्रिटननं वृद्धांची सेवा करणाऱ्यांसाठी व्हिसा खुला केला तेव्हा आपल्याकडून अनेक जण कर्ज काढून गेले. मार्च २०२४ पासून तिथं नव्यानं जाणाऱ्या सेवकांना कुटुंब नेण्याची बंदी झाली. जुलै २०२५ मध्ये या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली. कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. म्हणून शेजारच्याचा मुलगा पाच वर्षांपूर्वी कसा गेला, हे विचारून आज निर्णय घेऊ नये. त्या देशाच्या सरकारी कागदावर आज काय लिहिलंय, ते पाहावं. आणि शेत गहाण टाकून तर मुळीच जाऊ नये.

कोणी म्हणेल, आपली माणसं जिथं आहेत तिथं जावं, म्हणजे चिंता नाही. त्यांना मी अलिबागकडच्या बेने इस्रायल लोकांची हकीकत सांगतो. मराठी बोलणारे हे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि धर्माच्या ओढीनं ते तिकडे निघाले. इतकं हक्काचं ठिकाण दुसरं कोणतं असणार? तरी तिथं भेदभाव होतो म्हणून काहींनी धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं भारतात परतली. पुढे तिथल्या धर्मपीठानं लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली. त्याविरुद्ध त्यांनी लढा दिला, तेव्हा ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. आज ते तिथं चांगले रुजले आहेत. पण परक्या जमिनीत रुजायला एक पिढी खर्ची पडते, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता आपल्या जमिनीबद्दल. अनेकांचा बेत असतो, बाहेर कमवू आणि गावात चार एकर घेऊ. कायदा काय सांगतो, ते ऐका. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस अनिवासी ठरतो, आणि अनिवासी असताना त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित आलेली ठेवता येते. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तर भारताचं आपोआप जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर येता-राहता येतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीनही घेता येत नाही. शेतकऱ्याच्या मुलानं ही गोष्ट सही करण्याआधी घरात बोलायला हवी.

जाण्याच्या कागदांविषयीही थोडं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा असतो. त्यांना आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. हा जाच नाही, संरक्षण आहे. त्यातून करार तपासला जातो आणि १० लाखांचा विमाही मिळतो. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येतं. त्याची फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच कायद्यानं ठरलेली आहे. "आधी टुरिस्ट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बघू" असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

शेवटी अंतराचा विचार करा. ते किलोमीटरमध्ये मोजू नका, तिकिटाचे पैसे आणि मिळणारी रजा यांत मोजा. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. आखातातला मुलगा कधीकधी बापाला खांदा द्यायला पोहोचतो, अमेरिकेतला बहुधा पोहोचत नाही. घरात म्हातारे आईवडील असतील, आणि आपण एकुलते एक असू, तर देश निवडताना ही बाब पगाराइतकीच मोठी आहे.

मुलांना मी एवढंच सांगतो. एका कागदावर लिहा: परत यायचं की राहायचं, कुटुंब नेता येईल का, मालक बदलता येईल का, भाषा किती शिकावी लागेल, नोकरी गेली तर किती दिवस मिळतील, आईवडिलांजवळ किती तासांत पोहोचता येईल. पगार त्याच्या खाली लिहा. मग तो कागद आईला वाचून दाखवा, आणि त्यानंतर देशाचं नाव काढा.