मेंदूसारखे पोवळे

पोवळे म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढीच आपली ओळख. इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाच्या समुद्रांतून परदेशी घरांतल्या काचपेट्यांत जाणारे ट्रॅकीफायलिया हे पोवळे निराळे. वर मेंदूसारख्या वळ्या, खाली निमुळता दगडी सांगाडा. मोठेपणी ते खडकाला न चिकटता वाळूत बसते. म्हणून पेटीतही वाळूवरच ठेवावे, खडकावर मांस घासून फाटते. पाणी खारे, २५ अंशांच्या आसपास, मंद हलते हवे, उजेड बेताचा. रात्री ते स्पर्शिका पसरून बारीक जीव पकडते. पण बहुतेक अन्न पुरवते ते त्याच्या मांसात राबणारे सूक्ष्म शैवाल. आम्ही संघटनेतली माणसे, राबणाऱ्याकडे आमचे लक्ष आधी जाते! पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते. शैवाल जाते, पोवळे पांढरेफटक पडते व उपासमारीने मरूही शकते. आपल्याकडे मात्र २००१ पासून सर्व दगडी पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ती घरी बाळगणे गुन्हा ठरतो, विकणारा काहीही सांगो.