दशांश अपूर्णांकांचा ल.सा.वि.

०.६ आणि ०.७५ यांचा ल.सा.वि. किती? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. काही मुले दशांशचिन्हे बाजूला ठेवून ६ आणि ७५ यांचा ल.सा.वि. १५० काढतात आणि गुणाकारात करतात तशी तीन घरे मोजून ०.१५० लिहितात. काही जण दोनच घरे मोजतात आणि १.५० म्हणतात. एखादा विद्यार्थी मात्र विचारतो, "सर, ल.सा.वि. पूर्ण संख्यांचाच असतो ना?" त्याला गप्प बसवू नये. त्याची शंका मुळाशी जाणारी आहे.

विभाज्य म्हणजे एखाद्या संख्येची पूर्ण पट. ०.६ ची दुप्पट १.२, तिप्पट १.८, चौपट २.४. यात 'पट' पूर्ण हवी. मूळ संख्या पूर्ण असलीच पाहिजे असे नाही. उलट अर्धी, पाव, दशांश पटही चालेल असे म्हटले, तर कोणतीही संख्या ०.६ ची पट ठरेल आणि 'लघुतम' असे काही उरणारच नाही.

आता वरची उत्तरे तपासू. ०.१५० ही संख्या ०.६ पेक्षाही लहान, म्हणजे ती ०.६ ची विभाज्य असूच शकत नाही. १.५० ही ०.७५ ची दुप्पट खरी, पण ०.६ ची ती अडीचपट आहे.

मग बरोबर उत्तर कोणते? ते मुलांना हातानेच शोधू द्यावे. वर्तमानपत्राच्या काही पट्ट्या ०.६ मीटर लांबीच्या आणि काही ०.७५ मीटर लांबीच्या कापाव्यात. वर्गाच्या फरशीवर त्या दोन ओळींत टोकाला टोक लावून मांडाव्यात. पहिल्या ओळीत पाच आणि दुसऱ्या ओळीत चार पट्ट्या झाल्या की टोके प्रथमच जुळतात. अंतर मोजले तर भरते ३ मीटर. मोजताना मुले ६० सेंटिमीटर, ७५ सेंटिमीटर असेच म्हणतात, आणि रीत नेमकी त्यातच दडलेली आहे. ६० आणि ७५ यांचा ल.सा.वि. ३००; ३०० सेंटिमीटर म्हणजे ३.०० मीटर. दशांशचिन्ह काढणे म्हणजे लहान एकक घेणे, आणि ते दोन्ही संख्यांसाठी एकच हवे. म्हणून आधी ०.६ चे ०.६० करून घरे सारखी करायची. ६ आणि ७५ घेणारा विद्यार्थी नकळत दशांश आणि शतांश यांची सरमिसळ करतो.

ताळा व्यवहारी अपूर्णांकांनी घेता येतो. अंशांच्या ल.सा.वि.ला छेदांच्या म.सा.वि.ने भागायचे. ३/५ आणि ३/४ यांचे उत्तर ३/१, म्हणजे ३. मात्र अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात हवेत. ६/१० आणि ७५/१०० तसेच ठेवले तर १५ येतात. ते सामाईक विभाज्य आहे, पण लघुतम नव्हे. ०.३३३... सारख्या आवर्ती दशांशांना मात्र हीच रीत सोयीची: १/३ आणि १/२ यांचा ल.सा.वि. १.

प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर याच गणितावर चालतो. फ्रेंच गणितज्ञ पिअर व्हर्निए याने १६३१ मध्ये या सरकत्या पट्टीचे वर्णन प्रसिद्ध केले. नेहमीच्या शालेय उपकरणात मुख्य पट्टीचा एक भाग १ मिलिमीटर, तर सरकत्या पट्टीचा ०.९ मिलिमीटर असतो. शून्याच्या रेघा जुळवल्या की पुढच्या रेघा थेट ९ मिलिमीटरवर जुळतात, कारण १ आणि ०.९ यांचा ल.सा.वि. ९ आहे. मुख्य पट्टीचे ९ आणि व्हर्नियरचे १० भाग सारखे का, हे पाठ करायला नको.

याच उपकरणात ०.९ ऐवजी ०.९१ घेतले तर? ल.सा.वि. एकदम ९१ होतो. संख्या किंचित बदलली, उत्तर दहापट झाले. याहून गमतीचे उदाहरण २ च्या वर्गमुळाचे. १ आणि १.४ यांचा ल.सा.वि. ७, १ आणि १.४१ यांचा १४१. १ आणि १.४१४ यांचा ७०७. १ आणि १.४१४२ यांचा ७०७१. प्रत्यक्ष १ आणि √२ यांना सामाईक विभाज्यच नाही. √२ ची कोणतीतरी पूर्ण पट पूर्ण संख्या झाली असती, तर √२ दोन पूर्ण संख्यांच्या भागाकाराने लिहिता आला असता, आणि तो तसा लिहिता येत नाही. एक मीटर बाजूच्या चौरसाची बाजू आणि कर्ण यांच्या लांबीच्या पट्ट्या फरशीवर कितीही लांब मांडत गेलो, तरी त्यांची टोके पुन्हा जुळणार नाहीत.